५० किलो, ५५ सेंटिमीटर

ब्रिटनमध्ये निवृत्तीनंतर मोटरहोम घेऊन हिंडणारी जोडपी बरीच दिसतात. व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं हे चाकांवरचं घर असतं. आत पलंग, शेगडी, संडास, आणि बऱ्याच गाड्यांत मागच्या पलंगाखाली एक प्रशस्त कोठी. तिला तिकडे गॅरेजच म्हणतात. घड्या घालायच्या खुर्च्या, सायकली, छत्र्या, पाण्याचे पाइप हे सगळं तिथे जातं. मग कधीतरी गुडघे संपावर जातात किंवा चार पावलांत दम लागू लागतो, आणि सायकलींच्या जागी मोबिलिटी स्कूटर येते. आपल्याकडच्या स्कूटरशी हिचं नातं नावापुरतंच. तीन किंवा चार लहान चाकांवर बसवलेली खुर्ची, पुढे वळवायचा दांडा, खाली बॅटरी आणि मोटर. ब्रिटिश कायद्यात ताशी ४ मैलांनी फुटपाथवरून जाणारी स्कूटर दुसऱ्या वर्गात मोडते आणि तिचं वजन ११३.४ किलोपर्यंत चालतं. ताशी ८ मैलांनी रस्त्यावर जाऊ शकणारी तिसऱ्या वर्गात येते. तिच्यासाठी मर्यादा १५० किलोंची.

ही स्कूटर गॅरेजात चढवायची कोणी, हा या विवेचनाचा विषय. स्कूटर ज्याच्यासाठी आहे तो ती उचलू शकत नाही, हे उघडच आहे. उचलू शकला असता तर बहुधा तिची गरजच पडली नसती. राहिला जोडीदार. तोही त्याच वयाचा. म्हणजे कमी ताकद हा इथे अपवाद धरून चालणार नाही. तीच मूळ अट आहे, आणि सगळी मांडणी तिच्यापासून सुरू व्हायला हवी. उत्पादकांची माहितीपत्रकं मात्र नेमकी उलट दिशेने जातात. ती यंत्रापासून सुरू होतात आणि माणसाला शेवटी, चित्रात हसताना, आणून उभं करतात.

हिशेबासाठी एक ठरावीक उदाहरण घेऊ. स्कूटर चार चाकांची, बॅटरीसह ५० किलोंची. गॅरेजच्या दाराचा उंबरठा जमिनीपासून ५५ सेंटिमीटर वर. बहुतेक युरोपीय मोटरहोम ज्या फियाट ड्युकाटोवर बांधतात, त्या व्हॅनचं तळपाटही साधारण याच उंचीला असतं. माणसं दोन, सत्तरीच्या पुढची. एकाला चालवत नाही, दुसरीला चालवतं, पण तिच्या मनगटांत संधिवात आहे आणि कंबरेवर भरवसा नाही. पुढे ‘इतक्या किलोंचा जोर’ असं म्हटलं की तेवढं वजन नुसतं तोलून धरायला लागणारा जोर समजावा.

काम थोडं, जोर मोठा

पहिली गोष्ट मजेची आहे. ५० किलो ५५ सेंटिमीटर वर नेण्यासाठी भौतिकशास्त्राच्या भाषेत सुमारे २७० जूल कार्य लागतं. ६५ किलोंची बाई १७ सेंटिमीटरची एक पायरी चढते तेव्हा ती स्वतःला उचलताना १०८ जूल खर्च करते. म्हणजे स्कूटर गाडीत चढवण्याचं निव्वळ कार्य अडीच पायऱ्या चढण्याइतकं भरतं. आपल्या उदाहरणातली बाई तेवढ्या पायऱ्या रोज चढते. तरीही स्कूटर तिला चढवता येत नाही.

याचं कारण असं की शरीर कार्यामुळे हार मानत नाही, ते एखाद्या क्षणी लागणाऱ्या जोरापुढे हार मानतं. पायरी चढताना मांडीचे मोठे स्नायू काम करतात, वजन सांध्यांच्या सरळ रेषेत असतं, आणि दमलं तर पायरीवर थांबता येतं. स्कूटर उचलताना काम येतं बोटांवर, मनगटांवर आणि कंबरेच्या मणक्यांवर. मधे थांबायची सोय नसते. तेव्हा एकूण मेहनत कमी करून फारसं साधत नाही. संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत वाईट क्षण कोणता ते शोधून तो बोथट करणं, हे खरं काम. पुढे प्रत्येक उपाय याच कसोटीवर घासून पाहायचा आहे.

किती जोर चालेल याचे मापदंड आहेत. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाने कामगारांसाठी ढोबळ मर्यादा दिल्या आहेत. कंबरेखाली, हात सरळ सोडले की जिथे पोचतात त्या उंचीला, वस्तू अंगाशी धरून उचलायची असेल तर पुरुषाला २५ किलो आणि स्त्रीला १६. तीच वस्तू पोटरीच्या उंचीवरून उचलायची झाली तर १० आणि ७. हात लांब करून पोटरीच्याच उंचीवरून उचलायची असेल तर ५ आणि ३. ढकलण्या-ओढण्यासाठी, सुरुवातीला हलवताना २० आणि १५, चालू ठेवताना १० आणि ७. हे आकडे धडधाकट कामकरी माणसांसाठीचे आहेत, हे विसरता येत नाही. आपल्या उदाहरणातल्या बाईला चालू ठेवण्यासाठीचे ७ किलो ही वरची मर्यादा धरली तरी ते उदारपणाचंच ठरेल.

सुट्या भागांचा भुलावा

छोट्या स्कूटर चार-पाच तुकड्यांत सुट्या होतात. आसन निघतं, बॅटरीचा डबा निघतो, खटका ओढला की पुढचा आणि मागचा भाग वेगळा होतो. विक्रेता म्हणतो, सर्वांत जड भाग फक्त १७ किलोंचा. आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. तो तुकडा म्हणजे मोटर आणि मागची चाकं जोडलेला भाग. तो जमिनीवर पडलेला असतो, त्याला धरायला नीट कडी नसते, आणि चाकं मधे येत असल्यामुळे तो पोटाशी घेता येत नाही. वर दिलेल्या मर्यादांमध्ये याची जागा ‘पोटरीच्या उंचीला, हात लांब’ या रकान्यात येते. तिथे स्त्रीसाठी आकडा आहे ३ किलो.

तरफेचा हिशेबही पाहू. पाठीचा कणा ताठ ठेवणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. वस्तू मणक्यापासून ५० सेंटिमीटर पुढे धरली तर स्नायूंना तिच्या दहापट ओढ लावावी लागते. १७ किलोंच्या तुकड्यासाठी १७० किलोंची ओढ, आणि वाकलेल्या स्वतःच्या धडाचा भार वेगळा. धड, डोकं आणि हात मिळून शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग होतो. म्हणजे दरवेळी वाकून उठताना माणूस आधी स्वतःलाच उचलत असतो. आपल्याकडचा माथाडी कामगार ५० किलोंचं पोतं पाठीवर किंवा डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो, कारण तिथे भार मणक्याच्या रेषेत येतो आणि तरफ जवळपास नाहीशी होते. स्कूटरचा मागचा भाग कोणाच्या डोक्यावर बसत नाही.

शिवाय सुटे करणं एकदाच नसतं. सकाळी काढायचं, जोडायचं, संध्याकाळी पुन्हा सोडवायचं, चढवायचं. चार भाग धरले तर दिवसात सोळा वेळा वाकणं. भाग सुटे करणं हा उपाय ज्याच्याकडे ताकद आहे पण जागा नाही त्याच्यासाठी उत्तम. आपल्या उदाहरणात तो जवळजवळ बाद होतो. त्यातली एकच गोष्ट ठेवून घेण्यासारखी आहे. आसन काढून वेगळं ठेवायचं. ते कंबरेच्या उंचीवर असतं, वर ओढलं की निघतं, आणि आठ-दहा किलो वजन कमी होतं.

उतरण

आता रॅम्प. शाळेत शिकलेलं नतप्रतल इथे कामाला येतं: उंचीला रॅम्पच्या लांबीने भागा, त्याला वजनाने गुणा, की चढवण्याचा जोर मिळतो. त्यात चाकांच्या घर्षणासाठी किलोभर मिळवा. ५५ सेंटिमीटर उंबरठा आणि १.८ मीटर लांबीचा रॅम्प, तर चढ सुमारे १८ अंशांचा आणि जोर सुमारे १६ किलो. २.४ मीटरचा रॅम्प घेतला तर साडेबारा किलो. ३ मीटरला दहा. जोर सातवर आणायचा तर रॅम्प साडेचार मीटरच्या वर न्यावा लागेल. इमारतींसाठी एकास बाराचा उतार योग्य मानतात. तो इथे पाळायचा तर रॅम्पची लांबी ६.६ मीटर, म्हणजे जवळपास मोटरहोमइतकीच. एवढा रॅम्प ठेवायचा कुठे, आणि त्याला उचलायचं कोणी?

इथेच बहुतेक लोक यंत्राकडे वळतात. त्याआधी उंबरठ्याकडे पाहायला हवं, कारण ५५ हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. तो गाडी आणि जमीन यांच्यातला फरक आहे, आणि जमीन निवडता येते. मागचं दार चढणीच्या बाजूला येईल अशी गाडी उभी केली, रॅम्पचा पाय १२ सेंटिमीटर उंच जागेवर टेकला, की उंबरठा ४३ वर आला. आणखी एक युक्ती आहे. कॅम्पसाइटवर गाडी समतल करायला प्लॅस्टिकचे पायरीदार ठोकळे सगळेच बाळगतात. ते पुढच्या चाकांखाली घालून गाडी १० सेंटिमीटर वर चढवली तर मागचं टोक खाली येतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ४ मीटर आणि मागच्या चाकांमागे गाडीचं शेपूट २ मीटर धरलं, तर टोक ५ सेंटिमीटर खाली येतं. उंबरठा ३८. आसन काढलेलं नाही, यंत्र लावलेलं नाही, तरी २.४ मीटरच्या रॅम्पवर आता लागणारा जोर नऊ किलोंच्या आसपास. आसन काढलं तर सातच्या जरा वर. साडेबारावरून नऊवर केवळ उभं राहण्याची जागा निवडून आणि दोन प्लॅस्टिकच्या तुकड्यांनी पोचता येतं. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कोणी विकत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही.

पण सरासरी जोर कमी झाला म्हणजे वाईट क्षण संपले असं नाही. रॅम्पवर ते दोन जागी दबा धरून असतात. तळाशी, रॅम्पची कड ओलांडताना, चाक क्षणभर अडतं आणि जोर एकदम वाढतो. स्कूटरच्या मागे उलटू नये म्हणून बसवलेली दोन लहान चाकं असतात, तीही इथेच रॅम्पला घासतात. दुसरी जागा माथ्यावर. रॅम्प संपून तळ सुरू होतो तिथे कोन बदलतो, आणि पुढची चाकं आत, मागची रॅम्पवर अशा अवस्थेत स्कूटरचं पोट उंबरठ्यावर टेकतं. हातांतला जोर तेव्हा ओसरलेला असतो आणि वजन मात्र अधांतरी. रॅम्प विकत घेताना लोक लांबी आणि किती भार पेलतो ते पाहतात. स्कूटरचं पोट जमिनीपासून किती वर आहे हे पाहायचं राहून जातं. तीन चाकांच्या स्कूटरला दोन अरुंद पट्ट्यांचा रॅम्प निरुपयोगी, कारण मधलं चाक हवेत राहतं. तिला सलग रुंदीचाच हवा.

स्कूटरवर बसूनच चालवत वर जावं, हा मोह अनेकांना होतो. ढोबळ हिशेब सांगतो की रिकाम्या स्कूटरचा गुरुत्वमध्य इतका खाली असतो की ती ४० अंशांनाही सहज उलटत नाही. ८० किलोंचा माणूस वर बसला की तोच गुरुत्वमध्य आसनाच्या जवळ चढतो आणि उलटण्याचा कोन विशीच्या आसपास येतो. रॅम्प १८ अंशांचा. चालू करताना बसणारा झटका त्यात मिळवा. लहान स्कूटरचे उत्पादक साधारण ६ ते १० अंशांपर्यंतचाच चढ मान्य करतात, त्यामागे हेच गणित आहे. तेव्हा बसून नाही म्हणजे नाही.

ब्रेक, मोटर आणि विंच

स्कूटरला स्वतःची मोटर आहे, आणि ती जोर लावायला कंटाळत नाही. शेजारी उभं राहून, वेग सर्वांत कमी ठेवून, अंगठ्याने खटका दाबत स्कूटरला रॅम्पवर चालवत न्यायचं. माणसाने फक्त दांडा सरळ धरायचा. यात एक मोठा गुण दडलेला आहे. या स्कूटरचा चुंबकीय ब्रेक वीज असताना सुटतो आणि वीज गेली की लागतो. अंगठा उचलला की स्कूटर जिथे आहे तिथे थांबते. म्हणजे इथे वाटेत दम खाता येतो. आपण मघाशी म्हणालो तो पायरीचा गुण स्कूटरला मिळाला. मागची चाकं गाडी ढकलतात, म्हणून पुढचं तोंड वर करूनच चढवायची. चढावर वजन मागच्या चाकांवर सरकतं आणि पकड वाढते. उलट्या दिशेने चढवली तर पकड जाते आणि चाकं नुसती फिरतात. चाकांना चिखल लागला असेल आणि ॲल्युमिनियमचा रॅम्प ओला असेल तर ही पद्धत सोडून द्यावी. उत्पादकाने पुस्तिकेत रिकाम्या स्कूटरसाठी काय कोन दिला आहे तेही पाहून ठेवायचं. नाही तर मोटर जळाल्यावर हमी कामाला येत नाही.

याच ब्रेकची दुसरी बाजू घातक आहे. स्कूटर हाताने ढकलता यावी म्हणून मागे एक खटका असतो. तो टाकला की मोटर आणि चाकं यांचा संबंध तुटतो, आणि ब्रेकही जातो. या अवस्थेत रॅम्पवर असलेली स्कूटर म्हणजे सुटलेले ५० किलो. तिला हाताने ढकलत नेणारा माणूस तिच्या खालच्या बाजूला, नेमक्या घसरणीच्या रेषेत उभा असतो. जोर संपला तर तो स्कूटर आणि जमीन यांच्यामध्ये सापडतो.

म्हणून विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओझं ओढणारं यंत्र. बारा व्होल्टचा छोटा विद्युत विंच शंभरावर किलो सहज ओढतो, आपल्याला पंधराच हवेत. ऊर्जेचीही काळजी नाही. १०० अँपिअर-तासांच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत ४३ लाख जूल असतात आणि एका फेरीला गळती धरूनही हजारभर पुरतात. विंचचा खरा फायदा ताकदीपेक्षा जागेचा आहे. दूरनियंत्रक हातात घेऊन माणूस रॅम्पच्या बाजूला उभा राहू शकतो, घसरणीच्या रेषेबाहेर. दोर स्कूटरच्या खालच्या सांगाड्याला बांधायचा, दांड्याला कधीच नाही. दोर ओढतो पण वळवत नाही, त्यामुळे दांडा पट्ट्याने सरळ बांधून ठेवावा लागतो, नाही तर पुढचं चाक रॅम्पच्या काठाकडे निघतं.

विंचची अडचण उतरवताना कळते. चढवताना दोर ताणलेला असतो. उतरवताना स्कूटर आधी सपाट तळावर असते आणि ती आपणहून मागे येत नाही. दोर सैल पडतो, माणूस आत वाकून तिला ढकलतो, ती माथ्यावरून अचानक सुटते आणि दोराला झटका बसतो. हा पूर्ण प्रक्रियेतला सर्वांत कमी चर्चिलेला वाईट क्षण. मात्र पुढच्या चाकांखाली ठोकळे असतील तर गाडीचा तळ मागे सुमारे दीड अंश झुकलेला असतो, आणि ५० किलोंच्या स्कूटरला त्यातून सव्वा किलोची ओढ मिळते. चाकांचं घर्षण किलोभराचं. म्हणजे स्कूटर जेमतेम, हळूच, दोर ताणलेला ठेवत आपणहून माथ्याकडे सरकते. एका युक्तीने उंबरठाही खाली आला आणि उतरवण्याचा झटकाही गेला. अर्थात दार उघडण्याआधी विंचचा दोर ताणलेला असायलाच हवा.

हॉइस्ट आणि मागे जमिनीपर्यंत उतरणारा पाट यांबद्दल थोडक्यात. हॉइस्ट म्हणजे गाडीच्या आत बसवलेला खांब आणि त्याला फिरणारा हात. पट्ट्याला स्कूटर अडकवायची, बटण दाबायचं, टांगलेली स्कूटर दोन-तीन किलोंच्या धक्क्याने आत वळवायची. रॅम्पचे दोन्ही वाईट क्षण यात नाहीसे होतात. पण त्याला दाराची उंची लागते, आणि गॅरेजची दारं बहुधा बुटकी असतात. उंच मागचे दरवाजे असलेल्या व्हॅनला तो शोभतो. पाट सर्वांत सुखाचा: स्कूटर त्यावर चढवा, बांधा, बटण दाबा. माणसाला जवळजवळ काहीच करायचं राहत नाही. त्याची किंमत वेगळ्या नाण्यात द्यावी लागते.

किलोंची उधारी

ते नाणं म्हणजे वजन. ब्रिटनमधली बहुसंख्य मोटरहोम ३,५०० किलोंच्या एकूण मर्यादेत बसवलेली असतात, कारण साध्या मोटार परवान्यावर तेवढंच चालवता येतं. गाडी, चालक आणि इंधन वजा केल्यावर सामानासाठी समजा ४०० किलो उरले. जोडीदार ७०, पाण्याची भरलेली टाकी १००, बाजूला ओढून काढायचं छत, जादा बॅटरी, सौर पट्ट्या मिळून ७०, कपडे, भांडीकुंडी, खाणं, खुर्च्या यांना ९० धरा. उरले ७०. स्कूटर ५०. रॅम्पला १५ आणि विंचला ८ दिले की हिशेब उणे. माणसाचा जोर वाचवणारं प्रत्येक साधन गाडीच्या क्षमतेतून उधार घेतं, आणि जितका जोर जास्त वाचतो तितकी उधारी मोठी. रॅम्पपेक्षा हॉइस्ट जड, हॉइस्टपेक्षा पाट कितीतरी जड.

पुन्हा तरफ आडवी येते, या वेळी गाडीखाली. गॅरेज मागच्या ॲक्सलच्या मागे असतं. स्कूटर ॲक्सलच्या दीड मीटर मागे ठेवली आणि चाकांमधलं अंतर ४ मीटर असेल, तर मागच्या ॲक्सलवर ५० नव्हे, ६९ किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे १९ कमी होतात. गाडीच्या बाहेर, ॲक्सलपासून २.४ मीटर मागे ६० किलोंचा पाट आणि त्यावर स्कूटर ठेवली तर मागच्या ॲक्सलवर १७६ किलो चढतात आणि पुढचा ॲक्सल ६६ किलोंनी हलका होतो. साडेतीन टनी ड्युकाटोवर मागच्या ॲक्सलची मर्यादा साधारण २,००० किलो असते, आणि लांब शेपटीची मोटरहोम आधीच तिच्या जवळ पोचलेली असते. शिवाय ड्युकाटो पुढच्या चाकांनी ओढते. ओल्या गवताच्या कॅम्पसाइटवर पुढची चाकं ६६ किलोंनी हलकी झाली तर काय होतं, हे सकाळी ट्रॅक्टर बोलावणाऱ्यांना विचारावं. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर असू शकतो, म्हणून काट्यावर वजन करताना दोन्ही ॲक्सल वेगवेगळे तोलून घ्यायचे.

काही गाड्यांची मर्यादा कागदोपत्री वाढवून घेता येते, मग परवाना मोठा लागतो. ज्यांनी १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा दिली त्यांच्या परवान्यात ७,५०० किलोंपर्यंतची मुभा आपोआप असते. पण ७०व्या वर्षी परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं, आणि ती मोठी मुभा टिकवायची तर डॉक्टरांची तपासणी करून अर्ज भरावा लागतो. तो न भरणारा साडेतीन टनांवर येतो. योगायोग क्रूर आहे. स्कूटर, हॉइस्ट आणि पाट यांची गरज पडू लागते नेमक्या त्याच वयात कायदा वजनाची मुभा काढून घेऊ लागतो.

यावर माझं मत स्पष्ट आहे. मोजून शंभर किलो शिल्लक नसतील तर पाट आणि हॉइस्ट यांचा विचारच करू नये. आधी पाण्याची टाकी पाव भरून निघावं, पाणी सगळीकडे मिळतं. मग स्कूटरच्या शिशाच्या बॅटरीऐवजी उत्पादकाने मान्य केलेली लिथियमची बॅटरी घ्यावी, त्यात पाच-सात किलो सुटतात. तेवढ्याने भागत नसेल तर २५ किलोंच्या आसपासची घडीची स्कूटर पाहावी. ती खडबडीत रस्त्यावर मार खाते आणि आसन टणक असतं, पण वरच्या सगळ्या आकड्यांना ती एका फटक्यात निम्मं करते. शहरांतच फिरायचं असेल तर ब्रिटनच्या अनेक गावांत शॉपमोबिलिटी नावाने स्कूटर तासावर मिळतात. न चढवलेल्या स्कूटरइतकी हलकी स्कूटर नाही.

आत गेल्यावर

स्कूटर आत गेली की काम संपलं असं वाटतं. युरोपीय मालबांधणीच्या मानकानुसार जोराच्या ब्रेकसाठी वजनाच्या ०.८ पट ओढ धरतात, म्हणजे ४० किलो. अपघातात तोच आकडा वीस पटींवर जाऊ शकतो: हजार किलो, आणि गॅरेजच्या पातळ भिंतीपलीकडे माणसं. चार पट्टे, चारही खालच्या सांगाड्याला, तळातल्या पक्क्या रुळांना. पट्टे आवळायलाही ताकद लागते, म्हणून आपोआप आवळले जाणारे पट्टे घ्यावेत आणि ते वाकून नव्हे तर बाजूच्या छोट्या दारातून गुडघ्यावर बसून अडकवता येतील अशा जागी बसवावेत. ढकलण्याचा खटका परत मूळ जागी आणायला विसरायचं नाही.

आणि मग उरतो तो माणूस, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं. त्याची स्कूटर आता आत आहे आणि तो स्वतः गाडीच्या मागे उभा आहे. बसायच्या दाराशी पोचायला त्याला पाच-सहा मीटर, आधाराशिवाय, ओल्या जमिनीवरून जायचं आहे, आणि शेवटी पायरी. जे सहा मीटर चालू शकत नाहीत त्यांच्यासाठी क्रमच बदलावा लागतो. आधी स्कूटर बसायच्या दाराशी न्यायची, माणूस आत चढवायचा, मग जोडीदाराने रिकामी स्कूटर मागे चालवत नेऊन चढवायची. म्हणजे स्कूटर चालवायला जोडीदारालाही यायला हवी, आणि रॅम्प आधीच लावून ठेवलेला असायला हवा. जे थोडं चालू शकतात त्यांच्यासाठी गाडीच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत, सलग कठडा बसवून घेता येतो. त्याचं वजन तीन-चार किलो. पण मोटरहोमच्या भिंती फोमच्या सँडविचच्या असतात आणि त्यांत नुसता स्क्रू धरत नाही. आतून पत्रा लावून, आरपार बोल्टनेच तो बसवावा लागतो.